पलमाख: शिधा कोणाचा आणि हुकूम कोणाचा?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्यानं विचारलं आहे: ‘सेमिनारसाठी पलमाख हा विषय घेतलाय. एका ठिकाणी वाचलं की ब्रिटिशांनीच हे दल उभं करायला मदत केली. दुसरीकडे वाचलं की तेच ब्रिटिशांचे पूल उडवत होते. मग ते सरकारी होते की भूमिगत? इर्गुन म्हणजे तेच का? आणि इतकं निवडक दल होतं, तर इस्रायल स्थापन झाल्यावर पहिल्याच वर्षी ते मोडीत का काढलं?’

पलमाख म्हणजे ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंचं निवडक लढाऊ दल. तुमचे तीन प्रश्न वेगळे वाटले, तरी त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. ‘निवडक लढाऊ दल’ म्हटलं की आपल्यासमोर कमांडो उभे राहतात: सरकार त्यांना निवडतं, पगार देतं, शस्त्रं देतं. पलमाखच्या मागे सरकार नव्हतं, तिजोरी नव्हती, बराकी नव्हत्या. तरीही दीड-दोन हजार तरुण मुलं-मुली वर्षानुवर्षं लढाईच्या तयारीत ठेवली गेली, तीही परक्या सत्तेच्या नाकाखाली. हे जमलं कसं, हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर हाती आलं की बाकीचे दोन्ही आपोआप सुटतात.

मी लष्कराच्या सर्व्हिस कोअरमध्ये बावीस वर्षं काढली, म्हणजे सगळा जन्म रसदीत गेला. निवृत्तीनंतर अकरा वर्षं सैनिकी इतिहासाचे वर्ग घेतो आहे. त्यामुळे कोणत्याही दलाचा अभ्यास करताना मी आधी बंदूक बघत नाही, लंगर बघतो. यांना रोज जेवायला कोण घालतं? ईशान्येत एका डोंगरी ठाण्यावर पावसात वाट तुटली आणि तीस जवानांच्या एका प्लाटूननं नऊ दिवस भात-मिठावर काढले. तेव्हापासून शिधा म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण पलमाखला लावून बघा.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. ‘पलमाख सरकारी की भूमिगत’ याचं उत्तर तुम्ही कोणत्या वर्षाबद्दल विचारता, यावर अवलंबून आहे. 1941 चं उत्तर वेगळं, 1943 चं वेगळं, 1946 चं त्याहून वेगळं. तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्यांच्यात पाच वर्षांचं अंतर आहे.

थोडी पार्श्वभूमी. पॅलेस्टाइन तेव्हा ब्रिटिश मॅंडेटखाली, म्हणजे राष्ट्रसंघानं ब्रिटनकडे सोपवलेल्या कारभाराखाली होतं. तिथल्या ज्यू वस्तीची मुख्य संरक्षण संघटना म्हणजे हगाना. ती बेकायदा होती, पण ज्यू एजन्सी या प्रातिनिधिक संस्थेच्या राजकीय नेतृत्वाला बांधलेली होती. 1936 ते 1939 च्या अरब उठावात हगानातल्या काही जणांनी कुंपणाच्या आत बसून राखण करणं सोडलं आणि रात्री बाहेर पडून गस्त घालायला सुरुवात केली. या विचाराचा म्होरक्या यित्झाक सादे. लुब्लिनमध्ये जन्मलेला, रशियातल्या यादवीत लाल सैन्यात लढून आलेला.

त्याच काळात ऑर्ड विंगेट हा ब्रिटिश अधिकारी तिथे आला. 1938 मध्ये त्यानं एन हारोद या किबुत्झमध्ये, म्हणजे ज्यूंच्या सामाईक शेतवस्तीत, तळ टाकून ब्रिटिश सैनिक आणि ज्यू तरुण यांची मिश्र रात्र-पथकं उभी केली. पुढे नावाजलेले इस्रायली सेनानी मोशे दायान आणि यिगाल अलोन हे त्याच पथकांत शिकले. ती पथकं अरब गावांशी फार कठोरपणे वागली, हेही पेपरात लिहा. आपल्याकडे विंगेट ओळखला जातो तो ब्रह्मदेशातल्या चिंडिट मोहिमांमुळे. त्याचा जन्म नैनितालचा, आणि 24 मार्च 1944 ला त्याचं विमान कोसळलं ते मणिपुरात. मी त्या डोंगरांत नोकरी केली आहे, म्हणून हा धागा मला कायम जवळचा वाटत आला.

आता मूळ मुद्दा. 1941 च्या वसंतात जर्मन सेनापती रोमेल उत्तर आफ्रिकेत होता, आणि सीरिया-लेबनॉनवर जर्मनीपुढे झुकलेल्या विशी फ्रेंचांचा ताबा होता. पॅलेस्टाइन मधोमध सापडलेलं. या भीतीतून 15 मे 1941 ला हगानानं ‘प्लुगोत माखात्स’, म्हणजे धडक तुकड्या, स्थापन केल्या. पलमाख हे त्याचंच संक्षिप्त रूप. सेनापती सादे, आणि सुरुवातीला माणसं जेमतेम शंभरेक. ब्रिटिशांनाही सीरियात वाट दाखवायला, पूल टेहळायला, तारा तोडायला स्थानिक माणसं हवीच होती. जूनमधल्या सीरिया-लेबनॉन मोहिमेत ऑस्ट्रेलियन सैन्यापुढे वाटाड्या म्हणून गेलेल्या दायानचा डोळा गेला तो असाच, 8 जूनला. त्या मोहिमेत आपली पाचवी भारतीय ब्रिगेडही दमास्कसच्या वाटेवर लढत होती. त्याआधीच, 18 मे रोजी, हगानाचे 23 तरुण एका ब्रिटिश मेजरसोबत बोटीतून लेबनॉनमधल्या त्रिपोलीचा तेल शुद्धीकरण कारखाना उडवायला निघाले, आणि पुन्हा कुणालाच दिसले नाहीत.

1942 च्या जूनमध्ये तोब्रुक पडलं आणि रोमेल अल अलामेनपर्यंत आला. ब्रिटिशांचं सहकार्य तेव्हा सर्वात घट्ट होतं. मिश्मार हाएमेक या किबुत्झजवळ ब्रिटिशांच्या पैशानं प्रशिक्षण शिबिर चाललं. जर्मनीतून आलेल्या ज्यू तरुणांची एक ‘जर्मन प्लाटून’ होती. जर्मन बोलायचं, जर्मन कवायत करायची, पॅलेस्टाइन पडलंच तर जर्मन गणवेशात शत्रूच्या पाठीमागे काम करायचं. अरबी बोलणाऱ्या, बहुतेक अरब देशांतून आलेल्या तरुणांचा दुसरा गट अरब वेशात वावरायला शिकत होता. तर 1941-42 चं उत्तर: शिधा बऱ्याच अंशी ब्रिटिशांचा, निष्ठा हगानाची. दोघांचा शत्रू एकच होता, तोवर हे निभावलं.

नोव्हेंबर 1942 मध्ये अल अलामेनला रोमेल हरला. धोका टळला आणि ब्रिटिशांची गरजही संपली. पैसा थांबला, दल मोडा असं सांगण्यात आलं. पूर्ण वेळ तयार ठेवलेल्या माणसांचा शिधा बंद झाला की दोनच वाटा उरतात. त्यांना घरी पाठवायचं, नाहीतर त्यांनीच लूटमार करायची. जगभरच्या बंडखोर टोळ्यांची अधोगती इथूनच सुरू होते. पलमाखनं तिसरी वाट काढली, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातला सर्वात महत्त्वाचा निर्णय तोच आहे. कोणताही पूल उडवण्यापेक्षा मोठा.

ही वाट सुचवली किबुत्झ चळवळीचे नेते यित्झाक ताबेन्किन यांनी. किबुत्झ म्हणजे सामाईक मालकीची शेतवस्ती, जमीन आणि भटारखाना दोन्ही सगळ्यांचं. ताबेन्किन म्हणाले, प्रत्येक किबुत्झनं एकेक प्लाटून ठेवून घ्यावी. मुलांनी शेतात राबावं, आणि किबुत्झनं त्यांना जेवण, तंबू, कपडे द्यावेत. हिशेब ठरला तो असा: महिन्यात 14 दिवस काम, 8 दिवस लष्करी सराव, 7 दिवस सुट्टी.

वर्गात मी हा हिशेब फळ्यावर मांडतो. तीस जणांची प्लाटून धरा. गुणिले 14, म्हणजे महिन्याला 420 मनुष्यदिवसांचं शेतकाम. त्याच्या बदल्यात तीस जणांचं महिनाभराचं जेवण आणि 240 मनुष्यदिवसांचा सराव. कुठल्याही खजिन्यातून एक पैसा न काढता! रसदीतल्या माणसाला हे वाचून हात जोडावेसे वाटतात. किबुत्झला मजूर आणि राखणदार मिळाले, हगानाला उभं सैन्य.

आणि त्याहून मोलाची गोष्ट होती आडोसा. ब्रिटिश गस्त आली तर तिला काय दिसणार? संत्र्यांच्या बागेत राबणारी मुलं-मुली. गणवेश नाही, हुद्द्याच्या फिती नाहीत, सेक्शन कमांडरही इतरांसारखाच फावडं घेऊन उभा. शस्त्रं जमिनीखाली, गोठ्यांच्या तळाशी, भिंतींच्या पोकळीत. या लपवलेल्या साठ्याला ते ‘स्लिक’ म्हणत. भूमिगत हा शब्द इथे शब्दशः खरा होता, फक्त जमिनीखाली शस्त्रं होती आणि माणसं भर उन्हात.

अडचणीही होत्या. कापणीच्या दिवसांत माणसं शेतात हवीत की सरावाला, ही ओढाताण कायमची. शहरात वाढलेली कित्येक मुलं लढायची स्वप्नं घेऊन आली आणि केळीच्या बागेत अडकली. काडतुसं इतकी कमी की नेमबाजीचा सराव मोजूनमापून. म्हणून भर दिला गेला तो फुकट शिकवता येणाऱ्या गोष्टींवर: रात्रीची चाल, नकाशाशिवाय वाट काढणं, काठीयुद्ध, वाळवंटातल्या लांब पायपिटी. प्लाटूनी विखुरलेल्या, म्हणून सेक्शन कमांडर हाच कणा झाला. ‘माझ्यामागून या’ म्हणत स्वतः पुढे जाणारा नायक ही ओळख तिथलीच. ती निव्वळ शौर्यातून आली नव्हती. मोठी फौज एकत्र आणून शिकवण्याची सोयच नव्हती, त्यातून ती आली. म्हणूनच 1948 मध्ये हे दल रात्रीच्या छोट्या हल्ल्यांत तरबेज ठरलं, आणि ब्रिगेड म्हणून लढताना अनेकदा चाचपडलं.

आता इर्गुन. नाही, पलमाख आणि इर्गुन एक नव्हेत. पलमाख हगानाचं, आणि हगाना ज्यू एजन्सीच्या नेतृत्वाचं ऐकणारी. इर्गुन उजव्या विचारांची वेगळी संघटना, तिचा नेता मेनाखेम बेगिन. लेही त्याहून लहान आणि अधिक जहाल. हे तिघे भाऊ-भाऊ होते असं समजू नका. नोव्हेंबर 1944 मध्ये लेहीच्या दोघांनी कैरोत ब्रिटिश मंत्री लॉर्ड मॉइन यांचा खून केला. त्यानंतर काही महिने पलमाखचीच माणसं इर्गुनच्या लोकांना हुडकून पकडत होती आणि हगानामार्फत त्यातले कितीतरी ब्रिटिशांच्या हवाली होत होते. ही जखम पुढे कित्येक वर्षं भरली नाही.

मग वर्षभरात हेच तिघे एकत्र कसे आले? युद्ध संपलं होतं. छळछावण्यांतून वाचलेले लोक युरोपातल्या निर्वासित तळांवर अडकले होते आणि ब्रिटिश त्यांना पॅलेस्टाइनमध्ये मोठ्या संख्येनं येऊ देत नव्हते. या रागातून 1945 च्या शरदात संयुक्त प्रतिकार चळवळ उभी राहिली. ऑक्टोबर 1945 मध्ये पलमाखनं अतलित इथल्या नजरकैद छावणीवर छापा घालून दोनशेहून जास्त निर्वासितांना सोडवलं. छाप्याचा उपप्रमुख होता 23 वर्षांचा यित्झाक राबिन. पाठोपाठ 1 नोव्हेंबरच्या रात्री देशभर रेल्वेमार्ग दीडशेच्या वर ठिकाणी उखडले गेले. 16 जून 1946 ची रात्र म्हणजे तुम्ही वाचलेली पुलांची रात्र. पॅलेस्टाइनला शेजारी देशांशी जोडणारे अकरा पूल लक्ष्य होते. त्यातल्या अखझीवच्या पुलावर पलमाखचे 14 जण मारले गेले.

ब्रिटिशांनी उत्तर दिलं 29 जूनला, शनिवारी, ज्यूंच्या शब्बाथच्या दिवशी. देशभर धरपकड झाली, सुमारे 2,700 जण पकडले गेले, त्यात राबिनही होता. यागूर किबुत्झमधले स्लिक सापडले आणि तीनशेहून अधिक रायफली व लाखो काडतुसं गेली. सैन्यानं धाडी घातल्या त्या किबुत्झांवर, हे लक्षात घ्या. शिधा कुठून येतो, हे ब्रिटिशांनाही कळून चुकलं होतं.

22 जुलैला इर्गुननं जेरुसलेमचं किंग डेव्हिड हॉटेल उडवलं. 91 माणसं मेली, त्यात ब्रिटिश, अरब आणि ज्यूही. त्यानंतर हगानानं ही एकजूट सोडली. पलमाखचा भर वळला निर्वासितांची जहाजं आणण्यावर. त्याची सागरी शाखा पालयाम या कामात गुंतली. 1947 मध्ये साडेचार हजार निर्वासितांना घेऊन आलेल्या ‘एक्सोडस’वरही हीच माणसं होती.

इथवरचा धागा असा: आधी ब्रिटिशांचा शिधा, मग किबुत्झचा. आणि हुकूम मात्र सगळा काळ हगानाचा. सेमिनारमध्ये एवढा एक तक्ता दाखवलात तरी अर्धं काम होईल.

1948 बद्दल थोडं सावकाश लिहितो, कारण विद्यार्थ्यांचे पेपर इथे एकतर शौर्यगाथा होतात, नाहीतर आरोपपत्र. नोव्हेंबर 1947 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघानं फाळणीचा ठराव केला आणि लढाई पेटली, तेव्हा सतत सज्ज असलेलं ज्यूंचं एकमेव दल पलमाखच होतं. त्यामुळे पहिले महिने तेच पुढे राहिलं आणि तेच कापलं गेलं. जानेवारी 1948 मध्ये वेढलेल्या एत्झिऑन या ज्यू वस्त्यांकडे रसद घेऊन पायी निघालेले 35 जण वाटेतच मारले गेले. तेल अवीवहून जेरुसलेमकडे अन्नधान्य नेणारे ट्रक बाब अल-वाद या खिंडीत वरून होणाऱ्या गोळीबारात अडकत. या लढाईतही निर्णायक प्रश्न पिठाच्या पोत्यांचा होता. पुढे पलमाखच्या तीन ब्रिगेडी झाल्या: गॅलिलीत यिफ्ताख, जेरुसलेमच्या वाटेवर हारेल, दक्षिणेत नेगेव. हारेलचा पहिला कमांडर राबिन. युद्ध संपेपर्यंत पलमाखचे हजाराहून अधिक तरुण गेले. एवढ्याशा दलासाठी ही हानी भयंकर आहे.

आणि दुसरी बाजू, जी गाळलीत तर पेपर खोटा ठरेल. सफेद नावाचं शहर घेण्यापूर्वी मे 1948 च्या सुरुवातीला पलमाखनं शेजारचं ऐन अल-झैतून गाव घेतलं आणि हात बांधलेल्या कैद्यांना ठार केलं. जुलैमध्ये लिद्दा आणि रामला या अरब शहरांवरच्या मोहिमेचा सेनापती अलोन होता, आणि राबिन त्याचा मोहीम अधिकारी. तिथून 50,000 ते 70,000 लोकांना हाकलून दिलं गेलं. लिद्दाचे लोक जुलैच्या उन्हात पायी निघाले आणि वाटेत तहानेनं माणसं मेली. कितीतरी जणांनी आपलं घर पुन्हा पाहिलं नाही. ज्या लांब पायपिटींबद्दल मी वर लिहिलं, त्यांचाही दुसरा उपयोग होता. हगाना अरब गावांच्या फायली तयार करत होती. वाटा, विहिरी, उंचवटे, कोणाकडे शस्त्रं आहेत याची माहिती त्यांत असे, आणि पलमाखच्या टेहळ्यांनी त्यासाठी काम केलं होतं. उजाड झालेल्या गावांची बरीचशी शेतं पुढे किबुत्झांकडेच आली. शिध्याचा धागा इथेही सोडू नका. किबुत्झ चळवळीच्याच राजकीय घरातले कृषिमंत्री अहारोन सिझलिंग यांनी नोव्हेंबर 1948 मध्ये मंत्रिमंडळात अरब नागरिकांवरच्या अत्याचारांबद्दल तीव्र वेदना बोलून दाखवली, हेही नोंदवा. पॅलेस्टिनी लोक या सगळ्याला नक्बा, म्हणजे अरिष्ट, म्हणतात. माझा सल्ला इतकाच की पलमाखच्या सैनिकाची आठवण आणि लिद्दाच्या निर्वासिताची आठवण एकाच टेबलावर उघडी ठेवून लिहायला बसा.

आता तिसरा प्रश्न: दल मोडलं का? मे 1948 च्या अखेरीस इस्रायलचं अधिकृत सैन्य स्थापन झालं. म्हणजे शिधा आता राज्याचा. पण पलमाखचं स्वतःचं मुख्यालय तसंच चालू होतं. माणसं निवडणं, अधिकारी नेमणं यावर त्याचा वेगळा हात होता. त्याचे बहुतेक वरिष्ठ अधिकारी जानेवारी 1948 मध्ये स्थापन झालेल्या मापाम या डाव्या पक्षाचे, आणि मापाममागे तीच किबुत्झ चळवळ. पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांचा पक्ष मापाय, म्हणजे प्रतिस्पर्धी. एका पक्षाच्या घरात वाढलेल्या तीन ब्रिगेडी राज्याच्या सैन्यात वेगळी चूल मांडून राहणार असतील, तर ते सैन्य एकसंध कसं? जूनमध्ये याच बेन-गुरियन यांनी इर्गुनच्या शस्त्रांच्या ‘अल्तालेना’ जहाजावर गोळीबार करायला लावला होता, आणि त्या कामी पलमाखची माणसं वापरली होती. उजव्यांना एक न्याय आणि डाव्यांना दुसरा, असं त्यांना चालवता आलं नसतं. ऑक्टोबरमध्ये हिस्ताद्रुत या कामगार महासंघात यावर कडाक्याचा वाद झाला. 7 नोव्हेंबर 1948 ला मुख्यालय बंद झालं, आणि ब्रिगेडी पुढच्या वर्षी सैन्यात विरून गेल्या.

यात तत्त्व किती आणि पक्षीय हिशेब किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. माझं मत सांगतो: दोन्ही होतं, पण तत्त्वाचं पारडं जड होतं. ज्या सैनिकाचा लंगर एका ठिकाणी आणि सेनापती दुसऱ्या ठिकाणी, त्याला कधी ना कधी निवड करावीच लागते. नव्या राज्याला ती वेळ येऊ द्यायची नव्हती. पण ज्यांनी हजार सोबती पुरले, त्यांना हे कागद पाठवून कळवलं गेलं, याचं दुःख मला सैनिक म्हणून कळतं.

पेपरासाठी शेवटचा प्रसंग देतो. ऑक्टोबर 1949 मध्ये पलमाखच्या जुन्या सोबत्यांचा तेल अवीवमध्ये मेळावा भरला. सेवेतल्या अधिकाऱ्यांनी तिथे जायचं नाही, असा सैन्याचा आदेश होता. राबिन गेला. त्याला लेखी ताकीद मिळाली, तो सैन्यात राहिला, आणि 1964 मध्ये त्याच सैन्याचा प्रमुख झाला. त्याच्यानंतरचे दोन्ही सैन्यप्रमुख, हाइम बार-लेव आणि डेव्हिड एलाझार, हेही पलमाखचेच होते.